मुलांसोबत हातकाम आणि ऋतूंच्या घरगुती प्रथा: सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात दोन मुलं, एक तीन वर्षांचं, एक सात. मुलांनी हातांनी काहीतरी करत, झाडापानांच्या संगतीत वाढावं, पडद्यासमोर कमी बसावं आणि ऋतू बदलला की आपल्या घरचं म्हणून काहीतरी व्हावं, अशी तुमची इच्छा आहे. तुम्हा दोघा पालकांच्याही लहानपणी घरात असं काही झालेलं नाही, त्यामुळे पुढे चालवावं असं आयतं हाताशी नाही. सामान भरपूर आणलं. प्रत्यक्षात दहा मिनिटांत पसारा होतो, धाकटं मणी तोंडात घालतं, मोठं ‘मला नाही जमत’ म्हणून उठून जातं आणि मुलं झोपल्यावर ती वस्तू तुम्ही पूर्ण करता. शेवटी विचारलंय, आमच्यातच कल्पकता कमी आहे का?

मी लहान मुलांना हातकाम शिकवते. हाच प्रश्न पालक मला वेगवेगळ्या शब्दांत कायम विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कल्पकतेचा इथे संबंध नाही. तुम्ही लिहिलेली यादी पुन्हा वाचा: एका आठवड्यात पानांचे प्राणी, पुढच्या आठवड्यात मण्यांच्या माळा, मग लोकरीचे गोंडे, मग मातीची भांडी. प्रत्येक वेळी सामान नवं, कृती नवी. मुलाचा हात एखाद्या कामात रुळायला लागतो न लागतो तोच ते काम संपलेलं असतं. मोठ्याला जमत नाही कारण कुठलीच गोष्ट त्याने दुसऱ्यांदा केलेली नाही. प्रथेचंही तसंच. ती नव्या कल्पनेवर टिकत नाही, ‘आपण हे असंच करतो’ यावर टिकते. तेव्हा तुमच्या दोन्ही अडचणी मुळात एकच आहेत आणि त्यांवर उपायही एकच: वर्षातले दोन प्रसंग निवडा, प्रत्येकाला एकच हातकाम जोडा आणि दरवर्षी तेच करा. काम तेच राहील, त्यातला मुलांचा वाटा वाढत जाईल.

हे सगळ्यांना सारखंच लागू पडेल असं नाही. दोघंही पालक दिवसभर बाहेर असतील, घर लहान असेल, एखाद्या मुलाला चिकट किंवा ओल्या गोष्टींचा स्पर्शच सहन होत नसेल, तर तपशील बदलतील. घरात बाळ असेल तर निम्मं सामान बादच होतं. आणि तुम्ही पृथ्वीवर कुठे राहता यावर तर बरंच काही अवलंबून आहे.

तिथूनच सुरुवात करते, कारण प्रसंग कसा निवडायचा हे बहुतेक लेखांत नसतं. ऋतूंची कॅलेंडरं आणि चित्रं एका ठरावीक हवामानाची असतात: पानगळ, बर्फ, कळ्या, ऊन. ती बघून आपल्या खिडकीबाहेर नसलेला ऋतू घरात साजरा करण्यात अर्थ नाही. मुलाला तो कुठे दिसणार? आधी वर्षभर तुमच्या डोळ्यांना नक्की दिसतील असे बदल कागदावर मांडा. पहिला मोठा पाऊस. एखाद्या ओळखीच्या झाडाला नवी पालवी. जाड पांघरुणं कपाटातून बाहेर निघण्याचा दिवस. ठरावीक पक्षी पुन्हा ऐकू येणं. आणि सूर्य, जो सगळीकडे आहे. २१ जून आणि २१-२२ डिसेंबरच्या आसपासचे अयनदिन, म्हणजे सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत मोठी रात्र; २० मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपासचे विषुवदिन, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे. सर्वांत मोठी रात्र उत्तर गोलार्धात डिसेंबरमध्ये येते, दक्षिण गोलार्धात जूनमध्ये. विषुववृत्ताच्या जवळ राहत असाल तर दिवसरात्रीत फारसा फरकच पडत नाही, मग तिथे पाऊस आणि कोरडे दिवस यांवर भर द्या.

मला स्वतःला एक तारखेचा आणि एक बिनतारखेचा असे दोन प्रसंग आवडतात. तारखेचा प्रसंग आधीपासून वाट बघायला लावतो. बिनतारखेचा, म्हणजे पहिला पाऊस किंवा पहिली पालवी, मुलांना बाहेर बघायला लावतो, कारण तो कधी येईल हे कुणालाच माहीत नसतं आणि घरात सर्वांत आधी ओरडून सांगण्याचा मान बहुधा सर्वांत धाकट्याला मिळतो.

प्रत्येक प्रसंगाला तीन गोष्टी पुरतात: हातांनी करायचं एक काम, फक्त त्याच दिवशी होणारी एक कृती आणि वर्षभर बंद राहणारी एक पेटी. पेटीत त्या प्रसंगाचं सामान आणि मागच्या वर्षीची एखादी वस्तू. तुम्ही लिहिलं आहे तसं कोपऱ्यात वर्षभर सजवलेलं ‘ऋतूंचं टेबल’ ठेवायला हरकत नाही, पण तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवर ते टिकत नाही आणि रोज बघून त्याचं अप्रूपही जातं. पेटी उघडण्याचं अप्रूप मात्र टिकतं.

कुटुंबाच्या सवयी आणि प्रथा यांवरच्या ५० वर्षांतल्या संशोधनाचा आढावा बार्बरा फीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये घेतला होता. त्यात त्यांनी एक उपयोगी फरक केला आहे. रोजची सवय म्हणजे जे करायचं असतं ते उरकणं. ती झाली की माणूस विसरून जातो. प्रथा मात्र पुढेही मनात घोळते, कारण ती ‘आपण कोण’ हे सांगते. मुलं प्रसंग झाल्यावर आठवड्याभराने त्याबद्दल आपणहून बोलतात का, ते मी पाहते. बोलत असतील तर प्रथा धरली. नसतील तर दुसऱ्या वर्षी ती आणखी साधी करायची. तिच्यात भर घालायची नाही.

आता हातकामाकडे. सर्वांत मोठ्या रात्रीसाठी मी कागदाचा कंदील सुचवते, कारण त्यात तीन वर्षांच्यापासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना खरं काम मिळतं आणि शेवटी घरात लागणारी वस्तू तयार होते. जलरंगाचा जाड कागद घ्या. तो ओल्या स्पंजने दोन्ही बाजूंनी भिजवा आणि ओला असतानाच पातळ रंग लावा. ओल्या कागदावर रंग आपोआप पसरतो, त्यामुळे चित्र ‘चुकण्याचा’ प्रश्नच येत नाही. धाकट्याला एकच रंग द्या, मोठ्याला दोन. कागद पूर्ण वाळला की वह्यापुस्तकांखाली दाबून सपाट करा. मग कापसाच्या बोळ्याने घरातलं कुठलंही साधं खायचं तेल पातळ चोळा आणि रात्रभर वर्तमानपत्रात ठेवा.

तेल लावल्यावर कागद पारदर्शक का होतो, हे सात वर्षांच्या मुलाला नक्की सांगा. कागद म्हणजे तंतूंची जाळी आणि त्यांमध्ये अडकलेली हवा. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश सगळीकडे विखुरतो म्हणून कागद पांढरा दिसतो. हवेच्या जागी तेल शिरलं की हे विखुरणं कमी होतं आणि प्रकाश आरपार येतो. तेलाचा पहिला ठिपका पडून कागदात उजेड पसरायला लागतो, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. कागदाच्या ज्या कडा एकमेकांवर चिकटवायच्या, तिथे दोन बोटं रुंदीची पट्टी कोरडी सोडा. तेलावर खळ धरत नाही आणि बहुतेकांचा कंदील नेमका तिथेच उघडतो. जवसाचं तेल वापरू नका. ते हवेत वाळताना तापतं आणि त्यात भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते. तेलकट कागदाच्या आत जळती ज्योत ठेवू नका. आत बॅटरीचा दिवा ठेवायचा असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारंच हवं. या दिव्यांत बऱ्याचदा बटण सेल, म्हणजे नाण्यासारखे चपटे छोटे सेल, असतात. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि दिवा पेटवायला अपुरा पडलेला जुना सेलही धोकादायक असतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात जायचं.

वयाप्रमाणे कामाची वाटणी कशी वाढते ते बघा. तीन वर्षांचं मूल स्पंजने कागद भिजवतं आणि तेल चोळतं; या दोन्हींत पूर्ण हात लागतो, चिमटी लागत नाही. पाचव्या वर्षी खळ लावून कडा दाबून धरतं. सातव्या वर्षी पट्टीने मोजून आखतं आणि कापतं. दहाव्या वर्षी तळाचं गोल बूड बसवतं, भोकं पाडून तारेची कडी घालतं. म्हणजे पुढच्या सात वर्षांचं नियोजन एकाच कंदिलात आहे. मोठं भावंड जे करतं ते धाकटं बघत असतं आणि ‘पुढच्या वर्षी कात्री मला’ अशी बोलणी सुरू होतात. मला या सगळ्या उठाठेवीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. आपण वाढलो हे मुलाला उंचीच्या खुणेइतकंच, किंबहुना जास्त, हातात आलेल्या नव्या हत्याराने कळतं.

कंदिलाला पर्याय हवा असेल तर मधमाशांच्या मेणाच्या पत्र्याची गुंडाळी मेणबत्ती. वितळलेल्या मेणात वात बुडवून मेणबत्ती करणं सुंदर असतं, पण मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि काम करायला ते त्याहून गरम ठेवावं लागतं. तीन वर्षांचं मूल शेजारी असताना ते नको. पत्र्याला चूल लागत नाही. फक्त तो थंड असेल तर पहिल्याच वळणाला तडकतो, म्हणून आधी थोडा वेळ उन्हात किंवा मांडीखाली दाबून ठेवा. वात कडेवर आडवी ठेवून पहिली घडी मोठ्या माणसाने अंगठ्याने घट्ट दाबायची, पुढची गुंडाळी मुलाच्या तळव्याखाली. सैल गुंडाळली तर आत हवा राहते आणि मेणबत्ती भराभर जळून जाते. धाकट्याची अशीच जळणार. जळू द्या. पेटवणं आणि विझवणं मोठ्यांच्या हाती आणि ज्योत लागलेली असताना खोली सोडायची नाही, एवढा नियम पाळा.

तुमच्या सात वर्षांच्या मुलाबद्दल वाचताना मी जरा थांबले, कारण ‘मला नाही जमत’ हे आळसाने आलेलं नाही. या वयाच्या आसपास मुलाची नजर हाताच्या पुढे धावायला लागते. चांगलं काय ते त्याला दिसतं, पण हात तिथवर पोचलेला नसतो. चार वर्षांचं मूल काहीही काढतं आणि खूश असतं. सात वर्षांचं मूल स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने बघतं. त्यात तुम्ही समोर सुंदर तयार नमुना ठेवला आणि रात्री त्याचं काम ‘नीट’ करून ठेवलं, की त्याच्या मनातला संशय पक्का होतो. रात्री पूर्ण करणं आजपासून बंद करा. अर्धवट वस्तू टोपलीत ठेवा आणि आठवडाभर तशीच राहिली तरी राहू द्या.

अशा मुलाला मी चित्रापेक्षा धाग्याचं काम देते. शाईने मारलेली रेघ पुसता येत नाही, विणलेलं मात्र उसवता येतं आणि धागा जसाच्या तसा परत मिळतो. चुकीची भीती एवढ्यानेच निम्मी होते. १९१९ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टला ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांची पहिली वॉल्डॉर्फ शाळा निघाली तेव्हापासून तिथे मुलगे आणि मुली दोघांनाही विणकाम शिकवत आले आहेत. त्यांच्या बाकीच्या विचारांशी सहमत असा वा नसा, सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात लोकर देणं मला माझ्या कामात नेहमीच योग्य ठरलेलं दिसतं.

सुयांच्या आधी पुठ्ठ्याचा माग करा. वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या, वरखाली एकेक सेंटिमीटरवर खाचा पाडा आणि त्यांत सुती दोरा उभा ताणा. उभ्या दोऱ्यांची संख्या सम ठेवलीत तर प्रत्येक ओळ ‘वर’नेच सुरू केली की आधीच्या ओळीचं ‘वर-खाली’ आपोआप उलटतं आणि मुलाला लक्षात ठेवायला कमी राहतं. आडवी लोकर बोथट सुईत ओवून द्या. इथे मुलं हमखास एकाच जागी फसतात. धागा पूर्ण ओढून सरळ करतात, त्यामुळे दोन्ही कडा आत येतात आणि चौकोनाची कंबर तयार होते. धागा ओढायचा नाही. ओळीत तो कमानीसारखा सैल सोडायचा आणि मग मधून सुरू करून बोटांच्या नखांनी खाली दाबत न्यायचा. कमानीतला जास्तीचा धागा उभ्या दोऱ्यांच्या खालीवर जाताना खर्ची पडतो आणि कड सरळ राहते.

माझ्याकडे एक मुलगा असा होता की रंगांचा डबा पाहिला तरी हात मागे घ्यायचा. त्याच्या मागावर पहिल्या चार ओळींत कंबर आली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही, माझं विणत राहिले. त्याने तीन ओळी उसवल्या, पहिली ठेवली आणि पुन्हा सुरुवात केली. ‘ती एक राहू दे,’ म्हणाला, ‘कुठून चांगलं झालं ते दिसेल.’ हा सरळ हिशोब त्याचा त्याने लावला होता. मी शेजारी बसून शिकवत राहिले असते तर तो लागला नसता.

तयार झालेला चौकोन कंदिलाखाली अंथरायला वापरा. वस्तू वापरात आली पाहिजे, यावर माझा भर आहे आणि तो काही माझा शोध नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये प्राथमिक शाळांत हातकाम सक्तीचं झालं. पुढे स्वीडनमध्ये ऑटो सॅलोमन यांनी त्याची पद्धत बसवली, तिला स्लॉयड म्हणतात. वस्तू घरात उपयोगी पडणारी हवी, काम सोप्याकडून अवघडाकडे जाणारं हवं आणि मुलाला ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय पूर्ण करता आली पाहिजे, अशा तिच्या अटी होत्या. दीडशे वर्षं होत आली, तरी आजही मी कुठलंही काम निवडताना याच तीन अटी लावून बघते. पानांचे प्राणी पहिल्या अटीला गळतात, मण्यांची नाजूक माळ तुमच्या धाकट्यासाठी तिसऱ्या अटीला.

कौतुकाबद्दल एक सूचना. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना काहीच सांगितलं नाही, नंतर अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड कमी झालेली नव्हती. तेव्हा ‘हे पूर्ण केलंस तर पडदा मिळेल’ असा सौदा नको. ‘वा, किती सुंदर’ हेही मी जपून वापरते. त्यापेक्षा जे दिसतं ते बोला: ‘या ओळीपासून कड सरळ झालीय’, ‘इथे दोन रंग मिसळून तिसरा झालाय’. मुलाला तुम्ही खरंच बघितलं हे त्यातून कळतं.

धाकट्याचं आता. तीन वर्षांच्या मुलाला ‘क्राफ्ट’ नको असतं, त्याला तुमच्या कामात शिरायचं असतं. मनगटातली आठ लहान हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात आणि एकेक करून त्यांचं हाड होत जातं, शेवटचं साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांवरचा ताबाही असाच सावकाश येतो. म्हणून त्याला मोठ्या हालचालींचं काम द्या: भिजवणं, पिळणं, मळणं, चोळणं, गुंडाळणं, झाडणं. पसारा आवरणं हेही कामच, त्याला ओलं फडकं द्या. दहा मिनिटांनी तो उठून गेला तर काम बिघडलं असं समजू नका, तीन वर्षांचा डाव तेवढाच असतो. तुम्ही मात्र बसून राहा. तुमचे हात चालू दिसले की तो फिरून परत येतो.

तोंडात घालण्याबद्दल मात्र कडक राहा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी चाचणी असते त्यात ३.१७ सेंटिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. तुमचा धाकटा तीनचा झाला असला तरी तो अजून मणी तोंडात घालतो, म्हणजे त्याला हाच नियम. मणी, बिया, गुंड्या, लहान चुंबक, पाण्यात फुगणारे गोळे हे सगळं उंच कपाटात. मोठ्याला मण्यांचं काम करायचं असेल तर धाकटा झोपल्यावर आणि मोजून.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, अशी समजूत बऱ्याच घरांत असते, म्हणून स्पष्ट लिहिते. गोळा केलेल्या बियांतल्या लालभडक, काळ्या ठिपक्याच्या गुंजा दिसायला मोहक असतात आणि कवच फुटून चावल्या गेल्या तर अतिशय विषारी. एरंडाच्या बियांचंही तेच. कण्हेर आणि धोत्रा यांचा कुठलाही भाग हातकामात नको. पानंफुलं गोळा करायला जाताना नियम एकच ठेवा: झाडाचं नाव घरातल्या मोठ्या माणसाला सांगता येत नसेल तर ते पिशवीत येत नाही. आणि जमिनीवर पडलेलं घ्यायचं, झाडावरचं तोडायचं नाही. पाने दाबून वाळवायची असतील तर पहिले काही दिवस रोज कागद बदला, नाहीतर ओल धरून ती काळी पडतात.

सामान खरेदीचं फार मनावर घेऊ नका. लाकडी आणि लोकरीच्या महागड्या वस्तूंनी भरलेल्या खोलीत वाढलेलं मूल जास्त निसर्गाजवळ असतं, असं मी पाहिलेलं नाही. आधीपासून घरात असलेलं प्लास्टिक फेकून द्यायचीही गरज नाही. चांगली कात्री मात्र हवी. बोथट कात्रीने मूल कापायला शिकत नाही, फाडायला शिकतं.

पडद्याबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी असेल तेवढं चांगलं. हातकाम त्याच्या बदल्यात देऊ नका. ते रोज किंवा आठवड्यातून ठरल्या वेळी होऊ द्या, पडद्याचा नियम वेगळा ठेवा. दोन्ही एकमेकांत गुंतवले की हातकाम शिक्षा वाटायला लागतं.

ज्या घरात हातकामाला खरोखर वेळ नाही, त्यांच्यासाठी एक प्रथा आहे जिला काहीच लागत नाही. दुपारी ऊन आत येणारी एक खिडकी निवडा. ठरावीक वेळी, आठवड्यातून एकदा, जमिनीवरच्या उन्हाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून मुलाला तारीख लिहू द्या. विषुवदिनांच्या आसपास उन्हाची कड आठवड्याआठवड्याला चांगलीच सरकते. अयनदिन जवळ आला की तिची गती मंदावते, जवळपास थांबते, आणि मग ती उलटी फिरते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे हे वाक्य मुलं शाळेत पाठ करतात. इथे ते घरातल्या फरशीवर दिसतं. कड उलटी फिरली त्या आठवड्यात कंदील लावा. काही घरांत ही पट्टी लावणं हीच मुख्य प्रथा झाली आणि कंदील मागे पडला. तेही उत्तमच.

एखाद्या वर्षी आजारपण येईल, घर बदलेल, तुम्हीच दमलेले असाल. तेव्हा पेटी उघडून मागच्या वर्षीचा कंदील लावा आणि झोपा. ते वर्ष धरलं जातं. जोडीदाराला हातकामाची आवड नसेल तर त्याला कंदील टांगण्याचं, दिवे मालवण्याचं किंवा चिकटपट्टीची तारीख पाहण्याचं काम द्या, जबरदस्तीने खळ लावायला बसवू नका. जुने कंदील सगळे ठेवू नका. प्रत्येक मुलाचा पहिला आणि सर्वांत अलीकडचा एवढे पुरे.

तुमच्या बाबतीत मी या महिन्यात एवढंच करेन: आणलेल्या सामानातून लोकर, जाड कागद, कात्री आणि जलरंग बाहेर ठेवेन, बाकीचं डब्यात बंद. पुढचा अयनदिन किंवा विषुवदिन, जो आधी येईल तो कॅलेंडरवर मुलाच्या हातून लिहवून घेईन. कंदील त्या वेळी. मोठ्याला आत्ताच माग करून द्या आणि स्वतःसाठीही एक करा, कारण शेजारी कुणीतरी खरोखर विणत असेल तरच तो बसेल. कुठे अडलात तर इथेच विचारा. फक्त पुठ्ठ्याचं माप, खाचांमधलं अंतर आणि लोकर किती जाड आहे ते लिहा, म्हणजे कड कशामुळे आत येतेय ते नेमकं सांगता येईल.